सोंडेतली लाट माझी नव्हती

“ह्याच्याच पोटात काहीतरी शिरलंय. नाहीतर सरळ चालता चालता असा लंगडेल कशाला?”

अप्पाजी हे पुटपुटले ते माझ्यापासून वीतभर अंतरावरून. चष्मा कपाळावर चढवून, नाक जवळजवळ मला टेकवून ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडाचा सुपारीचा वास माझ्या अंगभर पसरला होता. शेजारी त्यांचा मुलगा मौनेश उभा होता, तो नुसता “हं” म्हणाला. त्याची बायको सुगुणा खाली मान घालून लाकडाचे बारीक तुकडे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मौनेशची आई, अम्मा, कॉफी घेऊन दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “असेल मेलं. डबीच ती. कधीतरी बिघडायचीच.”

मित्रांनो, ती डबी म्हणजे मी.

मी एक जुना कंट्रोलर आहे, असं म्हणून सुरुवात करायला हवी. पण जुना म्हणण्याइतकं माझं वय नाही. मला जुनं केलं गेलं. काड्यापेटीहून जराशी मोठी, हिरव्या रंगाची अशी मी एक पाटी. एका अंगानं माझ्यात कॉम्प्युटरची यूएसबी वायर शिरते आणि दुसऱ्या अंगानं तारा निघून तीन मोटारींकडे जातात. बस्स, एवढाच माझा संसार. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका मुलीनं मला भिंगाखाली धरलं, उलटंपालटं करून पाहिलं, कुठं खोट सापडली नाही म्हणून पाठीवर एक पिवळा ठिपका चिकटवला आणि पुढच्याला हातात घेतलं. त्या ठिपक्यावर मी फार विसंबून राहिलो. मला वाटलं, एकदा निर्दोष ठरलो की ठरलो.

मैसूरला मला आणलं ते इलियासनं. मंडी मोहल्ल्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, रेडिओ, मोबाइल, जे येईल ते उघडून बघायचं आणि उरलेल्या वेळात गच्चीवर स्वतः जोडलेल्या यंत्रावर लोकांच्या दारांसाठी नावाच्या पाट्या कोरायच्या, हा त्याचा छंद. मौनेश त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला. पण जीव सगळा घरामागच्या खोलीत. त्या खोलीत त्यानंही एक यंत्र उभं केलं होतं. पलंगाएवढं टेबल, त्यावर पुढंमागं, डावीउजवीकडं आणि वरखाली सरकणारे दांडे, आणि टोकाला गरगरणारं बारीक पातं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि पात्यानं ते लाकडात कोरायचं. त्याच्या वडिलांनी, नंजुंडाचारांनी, उभा जन्म हेच काम हातानं केलेलं. शिसवी लाकडात खाच कोरायची आणि त्यात फणसाचं पिवळं, आंब्याचं फिकट, आबनुसाचं काळं लाकूड असं बसवायचं की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. गल्लीत त्यांना सगळे अप्पाजीच म्हणत. पोराच्या यंत्राला ते चकलीचा सोऱ्या म्हणत.

“काय रे, आज किती चकल्या पाडल्या तुझ्या सोऱ्यानं?”

“दोनच, अप्पाजी. तिसरी तुटली.”

“पीठ सैल झालं असेल.”

खरं सांगायचं तर तेव्हा ते हसत होते त्यात वावगं काही नव्हतं. मी येण्याआधी ते यंत्र फार किंचाळायचं. ह्या मोटारी पंख्याच्या मोटारीसारख्या नसतात. पंख्याची मोटर वीज लागली की भिंगरीसारखी सुटते. ह्या एकेक पाऊल टाकतात. ठोका मिळाला की एक पाऊल, पुढचा मिळाला की पुढचं. ठोके एकसारखे आले तर पावलं एकमेकांत विरघळून जातात आणि चाल लोण्यासारखी होते. ठोका उशिरा आला, किंवा दोन एकदम आले, की मोटर अडखळते आणि एखादं पाऊल गिळून टाकते. गिळलेलं पाऊल मोटारीवर दिसत नाही. ते दिसतं लाकडावर.

हे ठोके माझ्याआधी कॉम्प्युटर स्वतःच द्यायचा. त्याला बिचाऱ्याला शंभर व्याप. मध्येच घड्याळ बघ, मध्येच कसलीशी साफसफाई काढ, मध्येच सुगुणासाठी गाणं लाव. मृदंगवाल्यानं भर मैफलीत फोन उचलून बोलत बसावं, तशातली गत. मी आलो आणि रीतच बदलली. कॉम्प्युटरनं मला पुढचं थोडं काम एकदम सांगून ठेवायचं आणि मग खुशाल आपले व्याप बघायचे. ते काम मी पोटात ठेवतो आणि माझ्या आतल्या घड्याळावर एकेक ठोका मोजून देतो. निघताना हळू, मग वेग, वळण दिसलं की आधीच आवरतं घ्यायचं, थांबायचं तेही दमादमानं. एवढंच माझं शहाणपण. अमुक जागी जा म्हटलं की मी तिथं नेतो. तिथं कशाला जायचं, हे विचारण्याची मला अक्कल नाही आणि अधिकारही नाही.

मला जोडून पहिल्यांदा यंत्र चालू केलं तेव्हा अप्पाजी पुढच्या ओसरीवर बसले होते. तिथूनच ओरडले, “आवाज का बंद झाला? मोडलंस वाटतं!”

“चालू आहे, अप्पाजी.”

ते उठून आले. टेबलावर तळहात ठेवून उभे राहिले. पातं फणसाच्या फळीवर हत्तीच्या कानाची रेघ कोरत होतं, सुरकन, एका दमात. कान संपला, पातं उचललं गेलं, तरी त्यांनी हात काढला नाही.

“कुणी शिकवलं रे ह्याला इतकं सावकाश वळायला?” ते म्हणाले.

इलियास माझ्याकडे बोट करून म्हणाला, “ह्यानं. आता तुमचा सोऱ्या सुधारला, अप्पाजी.”

“सोऱ्या नको म्हणू,” अप्पाजी म्हणाले. “कारागिराला नावं ठेवू नयेत.”

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी पुढची वर्षं काढली.

त्या घरात एक रिवाज होता. कुठल्याही कामाची पहिली रेघ घरातल्या थोरल्यानं काढायची आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खोडायची नाही, सुधारायची नाही, जाड-बारीक करायची नाही. चुकली असं थोरल्याला वाटलं तर तोच नवी काढील. अप्पाजींनी त्यांच्या वडिलांच्या रेघेला कधी हात लावला नव्हता, म्हणून मौनेशनंही लावायचा नाही, हे कुणी त्याला सांगावं लागलं नव्हतं. यंत्र आलं तसं मौनेशनं कॉम्प्युटरला जोडायची एक काळी पाटी आणली, तिच्यावर पेन फिरवलं की रेघ पडद्यावर उमटते. अप्पाजींनी नाक मुरडलं.

“शाई नाही, कागद नाही. उपाशी माणसाला रिकामं ताट वाढल्यासारखं वाटतं.”

पण काढली त्यांनी. आणि काय रेघ होती ती! मला ती चित्र म्हणून दिसत नाही, मला ती आज्ञा म्हणून मिळते. इथून तिथं, तिथून तिथं. अप्पाजींची रेघ पोटात आली की मला काही करावंच लागत नसे. वळण कुठं येणार ते आधीच कळायचं. मोटारी खूश असायच्या. मोर, वीणा, कमळं, अंबारीचे हत्ती. शिसवीत मी खाच कोरायचो, मग तीच आकृती फिकट लाकडात कापायचो, सुगुणा तो तुकडा खाचेत ठेवून अंगठ्यानं दाबायची आणि तो ‘टक्’ करून आत बसायचा. त्या आवाजाला ती दर वेळी हसायची.

नवरात्रात आयुधपूजेच्या दिवशी करवती, कोरण्या, हातोड्या, मौनेशची दुचाकी, सुगुणाचं शिलाईचं यंत्र, सगळ्यांना अंगण झाडून ओळीनं मांडलं जायचं. पहिल्या वर्षी अम्मा माझ्यावर कुंकवाचं बोट ठेवायला आल्या तेव्हा मौनेश ओरडला, “अम्मा, त्याला नको! तारा आहेत त्यात.” तर अप्पाजींनी त्यालाच दटावलं. “मग त्याच्या डब्याला लाव. कुंकवावाचून राहिलेलं हत्यार घरात ठेवायचं नाही.” माझ्या डब्यावर कुंकू लागलं, शेवंतीचं फूल बसलं. बाहेर दृष्ट काढायला कोहळा फुटला. मी स्वतःला त्या घरातला समजू लागलो. तिथंच चुकलं असेल माझं.

रेघेतली लाट पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. कुणाच्याही आधी.

एका सकाळी अप्पाजींनी काढलेली हंसाची मान माझ्या पोटात आली आणि मी चपापलो. इथून तिथं असं सांगायच्या ऐवजी आज्ञा अशी होती, की जरा उजवीकडं, जरा डावीकडं, पुन्हा जरा उजवीकडं. केसाएवढं अंतर, पण होतं. मला वाटलं, हंसाची पिसं असतील. मला सांगितलं तसं मी केलं. मोटारी कुरकुरल्या, मी त्यांना समजावलं. लाकडावर मानेची कड पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलकी डुचमळलेली दिसली. अप्पाजींनी ती पाहिली, तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “लाकूड तसंच आहे हे.”

पुढच्या महिन्यात लाट वाढली. त्याच महिन्यात अम्मा कॉफीचा पेला अर्धाच भरून आणू लागल्या, हेही मी पाहिलं. मौनेशनं अप्पाजींना दाढीसाठी न्हाव्याकडं न्यायला सुरुवात केली. म्हणे तिथं पेपर वाचायला मिळतो. सुगुणा बारीक तुकडे त्यांच्यासमोर ठेवीनाशी झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. जो तो आपापल्या परीनं वाटेतला एकेक खडा गुपचूप उचलत होता. आणि मला, मित्रांनो, त्यात काही गैर दिसलं नाही. उलट बरं वाटलं. इतक्या मायेची माणसं आपल्याला लाभली, असं वाटलं.

मग त्यांच्या जातीच्या समाजभवनाचं काम आलं. नवीन सभागृह बांधून होत आलं होतं. व्यासपीठाच्या मागं दसऱ्याच्या हत्तीचं एक मोठं जडावकाम लागायचं होतं आणि त्याखाली नाव नंजुंडाचारांचं. अप्पाजींनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली फळी काढायला लावली. दोन हात रुंदीची अखंड शिसवी. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी जपून ठेवलेली. तसली रुंदी आता कुठं मिळत नाही. ही बिघडली की दुसरी नाही, हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून आधी फणसाच्या फळीवर नमुना कोरून बघायचं ठरलं. अप्पाजींनी दोन दिवस बसून हत्ती काढला. मी तो कोरला. पाठ बरी आली, पाय बरे आले. सोंड मात्र मुळापासून टोकापर्यंत थरारत गेलेली. जिवंत हत्तीला हिव भरावं तशी.

मी आंब्याच्या लाकडात कापलेली सोंड सुगुणानं उचलली, खाचेत ठेवली, दाबली. टक्. बसली. केसाची फट नाही.

आता तुम्हीच बघा. दोष माझा असता, मी कुठं ठोका चुकवला असता, तर खाचेत एक लाट आली असती आणि तुकड्यात दुसरीच. चुका कधी ठरवून जोडीनं येत नाहीत. दोन वेगळ्या लाकडांत तीच लाट, त्याच जागी, इतकी की एकमेकींत रुतून बसावी, ह्याचा अर्थ लाट रेघेतच होती. मला वाटलं, झालं! आता तर ह्यांना कळणारच. सुगुणानं सांध्यावरून नख फिरवलं आणि मौनेशकडे पाहिलं. मौनेशनं तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, मित्रांनो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

“बसली बरोबर,” सुगुणा हळूच म्हणाली.

“हं,” मौनेश म्हणाला. आणि मग मोठ्यानं, ओसरीपर्यंत जाईल असं, “केबल बदलून बघतो, अप्पाजी!”

केबल बदलली. मग माझी वायर पात्याच्या मोटारीपासून लांब नेली. विजेची कुजबुज तिच्यात शिरते म्हणून. मग जमिनीत तांब्याचा खिळा ठोकून तार दिली. सगळे स्क्रू आवळले. एकदा तर मौनेश एकटाच कॉम्प्युटरपुढं बसला होता. पडद्यावर सोंडेची रेघ. बाजूला एक बटण असतं, ते दाबलं की रेघेतली थरथर कॉम्प्युटर आपणच गाळतो आणि रेघ गुळगुळीत होते. त्यानं बाण त्या बटणावर नेला. कितीतरी वेळ तिथंच ठेवला. मी मनात म्हणत होतो, दाब, बाबा, दाब. त्यानं बाण मागं घेतला. वडिलांची रेघ होती ती.

आणि तेव्हाच, तुम्ही सुरुवातीला ऐकलंत ते, अप्पाजी माझ्यावर वाकून म्हणाले की ह्याच्याच पोटात काहीतरी शिरलंय. नोकरांनी धन्याच्या बोलण्याला माना डोलवाव्या तशी सगळ्यांनी मान डोलावली. सुटल्यासारखे झाले सगळे.

मला काढून इलियासकडं तपासायला नेलं. मी खुशीत गेलो. म्हटलं, हा माझा माणूस. ह्यानंच मला ह्या घरात आणलं. हा दूध का दूध, पाणी का पाणी करील. इलियासनं मला त्याच्या गच्चीवरच्या यंत्राला जोडलं आणि एक वर्तुळ कोरायला लावलं. मी कोरलं. मग पुन्हा त्याच वर्तुळावरून फिरायला लावलं. फिरलो. कड चिमटीत धरून त्यानं उन्हात पाहिली. थेट देवळातल्या घंटेची कड.

मौनेश जिन्यात बसून होता. त्यानं विचारलं, “आला का गोल?”

“आला.”

“चांगला?”

“ह्याहून चांगला माझ्याच्यानं काढवणार नाही.”

खालच्या रस्त्यावर मद्दूर वडेवाल्याची हाळी गेली.

“मग रे?” मौनेश म्हणाला.

इलियासनं मला काढलं, वायर गुंडाळली. “मग काय. अप्पाजींना सांग, ह्यातच दोष होता. यूएसबीची वस्तू, दगा देते कधीकधी. नवा आणू.”

“तू बोलशील का त्यांच्याशी?” मौनेशनं विचारलं.

“नव्या कंट्रोलरबद्दल ना?”

मौनेशनं मान खाली घातली. “नव्या कंट्रोलरबद्दलच.”

“बोलतो की,” इलियास म्हणाला. “त्यात काय.”

दगा. मित्रांनो, त्यानं हा शब्द माझ्यासाठी वापरला. ज्याच्या हातात माझं वर्तुळ अजून गरम होतं, त्यानं. अप्पाजींना खरंच माहीत नव्हतं असं एक वेळ धरून चालू. पण हा जाणत होता. जाणून, हसून, मला खिशात घालून परत नेलं आणि ओसरीवर उभं राहून सांगितलं, “तुम्ही म्हणालात तेच खरं, अप्पाजी. ह्याचंच पोट बिघडलंय.” अप्पाजींचा चेहरा असा खुलला! “मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?” त्यांनी इलियासला जेवायला ठेवून घेतलं. आत नाचणीच्या उकडीचे मुद्दे आणि आमटीसारखं सारू जेवून झालं, हसणंखिदळणं झालं. मी बाकावर उपडा पडून ऐकत होतो. कित्येक आठवड्यांनी त्या घरात कुणी इतकं मोकळं हसलं होतं.

मला एका बिस्किटांच्या डब्यात टाकलं. डब्याचं झाकण हरवलेलं, म्हणून फळीवरून मला खोली दिसायची. माझ्या सोबतीला मोडकी पाती आणि एक बिनकाट्यांचं घड्याळ. माझ्या जागी निळ्या डब्यातला एक नवा आला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तोही माझ्यासारखाच. सांगितलं तिथं नेणारा. नवरात्र आलं. कुंकू त्याच्या डब्याला लागलं. अम्मा तबक घेऊन माझ्या फळीखालून गेल्या, क्षणभर थांबल्याही, वर पाहिलं. मला वाटलं, बोट उचलतील. “धूळ किती झालीय,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी रागावलो का? खोटं कशाला बोलू, रागावलो. चूक केली असती आणि फेकून दिलं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं. वस्तूंचं आयुष्य तेवढंच. पण मला फेकलं ते कुणाचंतरी झाकायला. लोकांनी मला प्रेमापोटी बळी दिलं, आणि ते प्रेम माझ्यावरचं नव्हतं. तुमच्या घरातही असं होत असेल. रेडिओ खरखरतो म्हणता, आणि खरं तर आजोबांना ऐकू येत नसतं. दिवा मंद आहे म्हणता, आणि आजीचे डोळे अधू झालेले असतात. मित्रांनो, मला पुसूनपासून ठेवा, तेलपाणी करा, असं मागणं मी मागत नाही. एवढंच मागतो, की जे माणसाला सांगायचं असतं ते माणसालाच सांगा. आमच्या अंगावर ढकलू नका. आम्ही उलट बोलत नाही म्हणून ते सोपं जातं. पण त्यानं ज्याला सांगायचं तो एकटाच राहतो.

दिवाळी उलटली. भवनाचा दिवस जवळ आला. नव्या कंट्रोलरवर पुन्हा फणसाच्या फळीत हत्ती कोरायला घेतला. अप्पाजींनी नवी रेघ काढली होती. खोलीत सगळे जमले, इलियाससुद्धा दुकान बंद करून आला होता. पाठ झाली, पाय झाले, सोंड झाली. मौनेशनं भुसा फुंकला.

लाट होती. आधीपेक्षा मोठी.

मी डब्यातून पाहत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण लगेच सुरू झालं.

“व्होल्टेज आज कमीच आहे,” इलियास म्हणाला.

“लाकूड ओलं असेल,” सुगुणा म्हणाली.

“पातं बोथटलंय,” मौनेश म्हणाला. “मी म्हणतच होतो, पातं बदलायला हवं.”

एकेक बिचारं निरपराध रांगेत उभं केलं जात होतं. अप्पाजींनी नमुन्याची फळी उचलली, बाजूला ठेवली. “राहू द्या,” म्हणाले. “हा नवाही तसलाच. यंत्राच्या नादी लागून वेळ गेला सगळा. मी हातानं कोरतो. मौना, फळी काढ.”

“कुठली, अप्पाजी?”

“कुठली म्हणजे? शिसवी.”

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. आता बोलावंच लागेल. मौनेश उठला, गेला आणि फळी घेऊन आला. गोणपाट सोडलं. सुगुणानं बाकाजवळचा दिवा लावला. इलियासनं फळी बाकाला घट्ट आवळून दिली. तिघंही असे हलक्या पावलांनी वावरत होते, जणू आजारी माणसाच्या खोलीत आहेत. दोन हात रुंदीची ती काळी, अखंड फळी दिव्याखाली तेल प्यायल्यासारखी चकाकत होती. तिचं वाटोळं झालं तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही, असं ह्यांचं ठरलेलं दिसत होतं. मी ओरडलो असतो. पण मला आवाज कुठला?

अप्पाजींनी कोरणी घेतली. मनगट बाकाच्या कडेवर घट्ट दाबून धरलं. डाव्या हातानं उजवा धरला. टोक सोंडेच्या मुळाशी ठेवलं. आणि कोरणीचं टोक लाकडावर आपोआप वाजू लागलं. टिक टिक, टिक, टिक टिक टिक. बारीक, बेताल. ठोक्यांची मला जाण आहे, मित्रांनो. असले ठोके मी कधी दिलेले नाहीत.

अप्पाजींनी टोक उचललं. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. त्यांनी मान वर केली नाही. “दिवा हलतोय,” म्हणाले. “नीट धर गं, सुगुणा.”

“धरते,” सुगुणा म्हणाली. दिवा खुंटीला टांगलेला होता.

स्वयंपाकघरातून अम्मा आल्या. ओल्या हातांनीच. त्यांनी मौनेशकडे पाहिलं, इलियासकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली. अम्मांनी पदराला हात पुसले, पुढं झाल्या आणि शिसवीवर, कोरणीच्या टोकासमोर, आपला तळहात पालथा ठेवला.

“काढ हात,” अप्पाजी म्हणाले. “लागेल तुला.”

“लागू दे.”

“सर्वमंगळा, काम चाललंय इथं.”

“अहो,” अम्मा म्हणाल्या, आवाज जराही न चढवता, “डबी चांगली होती. हा निळाही चांगला आहे. हात थरथरतो तुमचा.”